येझ्दी, यझीद आणि मामूंची वही

मिरजेत मामूंचं गॅरेज जुम्म्याला बंद असायचं आणि रविवारी सकाळी आठला उघडायचं. मास्तर, बँकेतले क्लार्क, दवाखान्यातले कंपाउंडर यांना सुट्टी मिळायची ती रविवारीच. मग जावा, येझ्दी, राजदूत घेऊन मंडळी यायची. काम असायचं दोघांचं, बसलेले असायचे दहा जण. प्लग साफ करायचा म्हणून आलेला माणूस जोहरची अजान होईपर्यंत हलायचा नाही. चहा समोरून यायचा, त्याचा हिशेब भिंतीवर खडूने. मी शाळकरी वयात त्या बाकड्यावर अनेक रविवार काढले. तेव्हा ती टाइमपासची जागा वाटायची. आता वाटतं, मी इतिहासाच्या एका तुकड्यात बसलो होतो आणि माझं लक्ष मात्र खारीकडे होतं.

हे सगळं लिहायला निमित्त झालं शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं. तिथे कुणीतरी ‘पंक्चरवाले’ हा शब्द असलेला एक विनोद टाकला. हा शब्द कुणासाठी वापरतात हे वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. टाकणारा माझा वर्गमित्र. त्याच्या वडिलांची जावा मामूंनी तीन वेळा बोअर करून दिली होती. मी ग्रुपवर काही बोललो नाही. मामूंची वही मात्र शोधून काढली.

वहीकडे येण्याआधी गाडीबद्दल सांगतो.

जावा हे नाव जर्मनही नाही आणि जावा बेटाशीही त्याचा संबंध नाही. 1929 साली प्राग शहरात फ्रांतिशेक यानेचेक या कारखानदाराने ‘वांडरर’ कंपनीची मोटरसायकल बनवायचे हक्क घेतले. यानेचेकचा ‘या’, वांडररचा ‘वा’, दोन्ही मिळून यावा. रोमन लिपीतला जे आपण आपल्या पद्धतीने वाचला आणि तिची जावा झाली. भारतात ती आणली मुंबईच्या इराण्यांनी. आधी आयात करून विकली, मग आयातीचे दरवाजे बंद होत गेल्यावर रुस्तम आणि फारूख इराणी यांनी मैसूरला कारखानाच काढला. नाव ‘आयडियल जावा’. 1961 पासून गाड्या तिथेच बनू लागल्या. मैसूर मिरजेला तसं परकं नव्हतं. मिरजेहून बंगळूरला मीटर गेजची गाडी जायची. मामू एकदा त्या गाडीने क्रँकचे सील आणायला गेले होते. येताना सील आणि नानीसाठी मैसूरची अगरबत्ती.

1973 ला मैसूरच्या गाडीवरचं जावा हे नाव जाऊन ‘येझ्दी’ आलं, आणि आमच्या मोहल्ल्यात अडचण झाली. नानीला वाचता येत नव्हतं, पण कान तिखट. येझ्दी ऐकलं की तिला यझीद ऐकू यायचा. करबलाच्या मैदानात हुसैनसाहेबांना ज्याच्या फौजेने पाण्यावाचून मारलं, त्याचं नाव गाडीवर? मोहरमचे दहा दिवस ती मामूंच्या गाडीला हात लावायची नाही. मामू समजावायचे, “अम्मा, ये वो नहीं, ये दूसरा है.” नानी म्हणायची, “दूसरा हो या तीसरा, मैं नै बैठती.” मी पुढे थोडी फारसी लिपी शिकलो तेव्हा गंमत कळली. यज़ीद लिहायला ये, ज़े, ये, दाल. यज़्दी लिहायला ये, ज़े, दाल, ये. तीच अक्षरं, शेवटच्या दोघांनी फक्त जागा बदललेली. नानी अगदीच चुकीची नव्हती. येझ्दी हे नाव इराणच्या यज़्द शहरावरून आलेलं. आपल्याकडचे बरेच पारशी-इराणी त्याच भागातून आले, ज्यांच्या हॉटेलात आपण ब्रून मस्का खातो. म्हणजे चेकोस्लोव्हाकियाची रचना, झरथुष्ट्री मालक, कन्नड कामगार, आणि गाडी बिघडली की मिरजेतला एक मुसलमान मिस्त्री. या देशातल्या बऱ्याच गोष्टी अशाच चालत आल्या आहेत.

आता मिस्त्री मुसलमानच का, हा प्रश्न येतो. मिरजेपुरतं उत्तर बऱ्यापैकी जुनं आहे. इथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी आणि हत्यारांना पाणी देणारे, धार लावणारे. तलवारींचे दिवस गेले, दरबाराचं काम संपलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आणि मोहिद्दीन या भावांनी तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. आज मिरजेचा तंबोरा देशभर जातो. हाताला धातूची सवय होती, ती भोपळ्याकडे वळली. सगळेच वळले नाहीत. काही छापखान्यात गेले, काही लेथवर, काही सायकलच्या दुकानात. सायकलवरून मोटरसायकलवर येणं हे एका पिढीचं काम. भांडवल नाही, कागदोपत्री शिक्षण नाही, सरकारी नोकरी दूरची. हातात पाना असेल तर दुकान फुटपाथवरही निघतं. 2006 च्या सच्चर अहवालात वाहनदुरुस्ती हे मुसलमानांचं प्रमाण जास्त असलेल्या धंद्यांपैकी एक म्हणून येतं. आकडेवारीत ते मागासलेपणाचं लक्षण आहे, आणि ते खरंही आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की त्या रकान्यात जे कौशल्य आहे, ते मोजायला अहवालात जागा नव्हती.

आपल्यातले काही लोक असा विषय निघाला की थेट अल-जझारीपर्यंत जातात. 1206 सालचा त्यांचा यंत्रांचा ग्रंथ खरोखर मोठा आहे, त्यात फिरती दांडी आणि पंप यांची चित्रं आहेत. पण मामूंनी अल-जझारी ऐकला नव्हता, आणि त्यांचं मोठेपण सिद्ध करायला आठशे वर्षं मागे जायची मला गरज वाटत नाही. रविवारचं एक काम सांगितलं तरी पुरे.

जावाचं इंजिन एका सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, 249 सीसी. ऑइल पेट्रोलच्या टाकीतच मिसळायचं. गिअरची दांडी आणि किक एकच, डाव्या बाजूला. दांडी आत दाबून मागे फिरवली की तिची किक होते. नवीन माणूस हमखास उजवीकडे किक शोधायचा. बाकड्यावरचे गप्प बसून मजा बघायचे. हेडलाइटवर खिळ्यासारखी चावी. मोहल्ल्यात एका खिळ्यावर दोन गाड्या चालू होत. एवढी साधी गाडी, पण टायमिंग थोडं इकडेतिकडे झालं की चढाला रडते. टायमिंग बघायला मामूंकडे मीटर नव्हता. प्लग काढून त्या भोकातून सायकलची तार सोडायची, बोटाने चाक हलकेच पुढेमागे करत पिस्टन अगदी वर आणायचा, तारेवर खूण करायची, मग पिस्टन तीनेक मिलिमीटर खाली घ्यायचा. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद सरकवायचा. कागद ज्या क्षणी अलगद सुटतो त्या क्षणी पॉइंट उघडतो आणि ठिणगी पडते. तो क्षण आणि ती खूण एकत्र आली पाहिजे. मामू सिगारेट ओढत नसत. कागदासाठी त्यांनी एका बँकवाल्याशी सोयरीक ठेवली होती.

क्रँकचं काम त्याहून कठीण. पिन प्रेसवर काढायची, नवा रॉड घालायचा, दोन्ही चाकं पुन्हा जोडून लेथच्या दोन टोकांत धरायची आणि ती एका रेषेत फिरतात का ते बघायचं. फिरत नसतील तर तांब्याच्या हातोडीने एक ठोका. कुठे आणि किती जोरात, हे पुस्तकात नसतं. मामू डोळे मिटून फिरवायचे आणि म्हणायचे, “कान लगा. बोलती है.” मी कान लावायचो, मला काहीही ऐकू यायचं नाही.

या उस्तादीची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर मी खोटं लिहितोय असं होईल. मामू सातवीत शाळेतून निघाले, कारण घरात पैसे नव्हते. त्यांच्या हाताखालची पोरंही तशीच दहा-बारा वर्षांची आलेली. पगार नाही, जेवण आणि सणाला कपडे. चूक झाली तर पाना फेकून मारला जायचा. एकाच्या कपाळावर ती खूण अजून आहे. तो आता आखातात एका वर्कशॉपमध्ये आहे आणि मामूंना उस्तादच म्हणतो, पण स्वतःच्या मुलाला त्याने डिप्लोमाला घातलं. त्याने बरोबर केलं.

धंदा उतरला तो टप्प्याटप्प्याने. 1985 ला हिरो होंडाची सीडी 100 आली, चार स्ट्रोक, पेट्रोल कमी. त्याच वर्षी आलेली यामाहा आरएक्स 100 टू-स्ट्रोक असूनही हलकी आणि वेगवान. येझ्दी त्यांच्यापुढे म्हातारी दिसू लागली. 1996 ला मैसूरचा कारखाना बंद पडला. मामूंना वाटलं पार्ट संपले की गॅरेजही संपेल. झालं उलटंच. कंपनी गेल्यावर गाडी ज्याच्याकडे होती त्याला मिस्त्रीशिवाय दुसरा आधार उरला नाही. मामूंची शेवटची चांगली दहा वर्षं बंद पडलेल्या कंपनीच्या जिवावर गेली. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी पार्ट मिळतात असं कळलं की एखादा शौकीन पहाटेची गाडी पकडायचा आणि संध्याकाळी गोणपाटात कार्ब्युरेटर गुंडाळून आणायचा. खरे पार्ट किती आणि भंगार किती, हे मामू वजनावरून सांगत.

2018 ला जावा नव्या रूपात बाजारात आली, 2022 ला येझ्दी. जुन्या गाड्यांचे भाव एकदम चढले. मोठ्या शहरांतली मुलं रिस्टोरेशन करतात, व्हिडिओ टाकतात. मला त्यांचा राग नाही. गाडी भंगारात जाण्यापेक्षा हे चांगलं. फक्त त्या व्हिडिओत गाडीचा इतिहास प्राग, मैसूर आणि मग थेट त्यांच्या पार्किंगमध्ये येतो. मधली चाळीस वर्षं गाडी कुणी चालती ठेवली, तो भाग गाळलेला असतो.

ती चाळीस वर्षं मामूंच्या वहीत आहेत. निळ्या पुठ्ठ्याची, ग्रीसने काळी झालेली. मराठी आकडे, मोडी वाटावी अशी अक्षरं. गाडीचा नंबर, मालकाचं नाव, बोअर कितव्या साइझला गेला, बाकी किती. कुलकर्णी मास्तर, पाटील, शेख, जैन, एक फादर. काहींच्या नावापुढे बाकी तशीच आहे आणि समोर मामूंनी फुली मारली आहे. म्हणजे सोडून दिली.

वर्गमित्राच्या वडिलांचं पान सापडलं. तीन नोंदी. तिसऱ्या वेळी बोअरला पुढची साइझ उरली नव्हती म्हणून मामूंनी नवी स्लीव्ह घातली होती. बाकी साठ रुपये, पुढे फुली.

मी त्या पानाचा फोटो काढला. ग्रुपवर टाकला नाही, त्याला एकट्याला पाठवला, खाली काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. विनोदाबद्दल तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. म्हणाला, बाबांची गाडी अजून घरामागे शेडमध्ये आहे, मामूंच्या हाताखालचं कुणी मिरजेत उरलंय का? एक जण आहे. जुम्म्याला बंद असतो, असं मी त्याला सांगितलं. रविवारी जा म्हटलं.