मागाल तेवढीच हवा

बुडालेलं जहाज माशांसारखं फिरून पाहायचं, ही हौस आजची वाटते. पण ती श्वासाला हवा देणाऱ्या ज्या डबीवर चालते, तिचा जन्म हौसेतून झालेला नाही. बेनवा रुकेरॉल हा फ्रान्समधला खाण-अभियंता. खाणीत विषारी वायू साठला की अडकलेल्यांना सोडवायला आत जाणार कसं, हा त्याच्यापुढचा प्रश्न. दाबून भरलेली हवा माणसाने श्वास ओढला तरच सुटावी, एरवी झडप बंद, अशी युक्ती त्याने 1860 साली नोंदवली. ओगुस्त दनेरूझ या नौदल अधिकाऱ्याबरोबर त्याने 1864 मध्ये ती पाण्यात नेली.

खरी करामत पातळ पडद्याची. दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. वरून सोडलेल्या साध्या नळीतून तिथे श्वास ओढताच येत नाही, छाती फुगत नाही. या डबीत पडद्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. पाणी जेवढं दाबेल तेवढ्याच दाबाची हवा तोंडात येते. खोली कितीही असो, हिशेब आपोआप जुळतो.

अडलं ते टाकीपाशी. पुरेशा दाबाची हवा साठवेल अशी टाकी तेव्हा नव्हती, त्यामुळे पाणबुड्याची नळी होडीला बांधलेलीच राहिली. ज्यूल व्हर्नने मात्र कादंबरीत ती नळी तोडून टाकली. त्याचा कॅप्टन नेमो, जो पुढे बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो, याच दोघांचं यंत्र सुधारून पाठीवर घेतो आणि सिलोनच्या मोत्यांच्या शिंपल्यांपर्यंत चालत जातो. कागदावर टाकी फुटत नाही.

प्रत्यक्षात तशी मोकळीक यायला दुसरं महायुद्ध उजाडावं लागलं. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्यांने एक झडप तयार केली होती. तो काम करायचा एअर लिक्विड कंपनीत, आणि नौदल अधिकारी जाक कुस्तोचे सासरे त्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सोयरिकीतून शोध लागतात, हे इतिहासाच्या पुस्तकात कोणी छापत नाही. त्या झडपेपासून बनवलेल्या श्वासयंत्राची 1943 च्या जानेवारीत मार्न नदीत चाचणी झाली. आडवं असताना यंत्र नीट चाले. उभं राहिलं की हवा भसाभस वाया जाई, डोकं खाली केलं की श्वास कोंडे. कारण क्षुल्लक होतं: उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा आणि पडदा वेगवेगळ्या उंचीवर होते. दोन्ही शेजारी आणताच प्रश्न मिटला. नाव कुस्तोचं झालं. माझ्या लेखी बाप रुकेरॉल आणि गान्यां.

त्याच वर्षी कुस्तो आणि त्याच्या मित्रांनी ही टाकी घेऊन भूमध्य समुद्रातल्या फुटक्या जहाजांवर चित्रपट केला. म्हणजे यंत्र जन्मलं, आणि लगेच जहाजांच्या सांगाड्यात शिरलं.

उष्ण समुद्रात ही हौस नेणाऱ्यांत एक विज्ञानकथाकार होता. आर्थर सी. क्लार्क 1956 मध्ये सिलोनला आला तो बुडी मारण्यासाठी; अंतराळातलं वजनरहित तरंगणं त्याला पृथ्वीवर इथेच मिळत होतं. त्याचा जोडीदार माइक विल्सन 1961 च्या मार्चमध्ये बेटाच्या दक्षिणेकडे, ग्रेट बॅसेस दीपगृहाजवळच्या खडकांत चित्रीकरण करत होता. तिथे त्याला चांदी सापडली. पुढे 1963 साली हवेच्या टाक्या, होडी आणि सागरी उत्खननातला जाणकार पीटर थ्रॉकमॉर्टन घेऊन ते पुन्हा गेले. हजार-हजार रुपयांच्या थैल्या होत्या. कापड कुजून गेलेलं, पण नाणी थैलीच्याच आकारात एकमेकांना घट्ट चिकटलेली. नाणी औरंगजेबाची, सुरतेच्या टांकसाळीतली, हिजरी 1113 ची. त्या वर्षाच्या उत्तरार्धात खुद्द बादशहा विशाळगडाला वेढा घालून बसला होता.