साबुदाणा, बटाटा आणि एक जीन: पिकातला स्टार्च वाढवतात तरी कसा?

गेल्या आषाढी एकादशीला आईने मला व्हॉट्सॲपवरचा एक फॉरवर्ड दाखवला: साबुदाणा आता जीएम झालाय, खाऊ नका. "तू इंजिनिअर ना, मग सांग, खरं की खोटं?" मी कोड लिहिते, शेतीतलं मला फारसं कळत नाही. पण वाचत बसले, आणि विषय भलताच इंटरेस्टिंग निघाला.

आधी आईला दिलेलं उत्तर: फॉरवर्ड खोटा आहे. साबुदाणा कसावा नावाच्या कंदाच्या स्टार्चपासून बनतो, आपल्याकडे मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलम भागात. जीएम कसाव्याला भारतात परवानगीच नाही. परवानगीने शेतात घेतलं जाणारं आपलं जीएम पीक म्हणजे बीटी कापूस, २००२ पासून. पण कसाव्यात जीन टाकण्याचे प्रयोग मात्र खरंच झालेत.

स्टार्च तयार कसा होतो?

पानांत साखर बनते, ती कंदात येते आणि तिथे तिचे कण जोडून स्टार्चच्या लांब साखळ्या होतात. या वाटेवर एजीपेज नावाचं एन्झाइम चेकपोस्टसारखं बसलेलं असतं. पेशीत फॉस्फेट वाढलं की ते काम मंदावतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवरची रेट लिमिट.

मग हॅक काय केला?

१९९२ मध्ये मोन्सँटोचे संशोधक आणि मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचे जॅक प्राइस यांनी ई. कोलाय या बॅक्टेरियातला एक जीन बटाट्यात टाकला. त्याचं नाव जीएलजीसी-१६. त्यापासून बनणारं एजीपेज सहजासहजी ब्रेक लावून घेत नाही. दोन गोष्टींची काळजी घेतली होती:

- जीन फक्त कंदातच चालू व्हावा म्हणून बटाट्याचाच एक स्विच, म्हणजे प्रमोटर, जोडला.
- एन्झाइम पेशीत नेमकं स्टार्च बनतो त्या कप्प्यात पोचावं म्हणून त्याला पत्त्याची चिठ्ठी लावली.

कंदातला स्टार्च वाढला. असा बटाटा तळताना तेलही कमी पितो, कारण त्यात पाणी कमी असतं.

पण प्रत्येक वेळी चालतंच असं नाही

१९९६ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी हाच जीन बटाट्याच्या दुसऱ्या जातीत टाकला. एन्झाइम वाढलं, स्टार्च बनण्याचा वेगही वाढला, पण साठा वाढला नाही. कारण स्टार्च मोडण्याचा वेगही वाढला होता! एक बॉटलनेक काढला की दुसरा समोर येतो, हे कुठलाही डेव्हलपर सांगेल.

कसाव्याचा प्रयोग २००६ चा, अमेरिकेतला. तोच जीन टाकल्यावर ग्रीनहाऊसमध्ये कंदांचं एकूण वजन २.६ पटीपर्यंत गेलं. आफ्रिकेत कोट्यवधी लोकांचं रोजचं जेवण कसाव्यावर आहे, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. पण ग्रीनहाऊस म्हणजे टेस्टिंग एन्व्हायर्नमेंट. शेत म्हणजे प्रॉडक्शन: तिथे पाऊस, कीड आणि रोग आपल्याला विचारून येत नाहीत.

तंत्र जमलं, तरीही...

बीएएसएफ कंपनीच्या अॅम्फ्लोरा बटाट्यात स्टार्चचं प्रमाण वाढवलं नव्हतं, प्रकार बदलला होता. एक जीन बंद करून त्यातला अॅमिलोज जवळपास काढून टाकला, म्हणजे कागद आणि गोंदासाठी हवा तसा स्टार्च मिळतो. मार्च २०१० मध्ये युरोपात परवानगी मिळाली. पण त्यात अँटिबायोटिकला दाद न देणारा मार्कर जीन होता, आणि त्यावरून बराच वाद झाला. २०१२ मध्ये कंपनीने युरोपातून काढता पाय घेतला, आणि २०१३ मध्ये तिथल्या कोर्टाने परवानगीच रद्द केली. लॅबमध्ये जमलेलं लोकांच्या गळी उतरतंच असं नाही.

पुढचा फॉरवर्ड आला तर?

तीन प्रश्न विचारा:

१. पीक कोणतं आणि नेमका कोणता जीन बदललाय?
२. आकडा ग्रीनहाऊसमधला की शेतातला?
३. वाढलं काय: कंदातल्या स्टार्चचं प्रमाण, की एकरी उत्पन्न? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

"बियाण्यावर मालकी कोणाची?" हा चौथा प्रश्न शेतकऱ्याचा, आणि तोही तितकाच महत्त्वाचा.

एवढं सगळं सांगितल्यावर आई म्हणाली, "बरं, मग साबुदाणा भिजत घालते." फॅमिली ग्रुपवर असा फॉरवर्ड फिरत असेल, तर हा लेख तिथे नक्की शेअर करा!