‘तुम्हाला कोणी निवडून दिले?’ : बिगर-सरकारी संस्थेचा अर्थ आणि नागपूर

🧵 १/
नागपुरात सीताबर्डी किंवा महाल परिसरात वाढलेल्यांना ‘मातृ सेवा संघ’ हे नाव ठाऊक असते. कित्येकांचा जन्मच तिथला. हे प्रसूतिगृह सरकारचे नाही आणि कोणा मालकाचे खासगीही नाही. मग ते कोणाचे? बिगर-सरकारी संस्था म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी हाच प्रश्न उपयोगी पडतो. आजचा धागा त्यावर.

२/
आधी शब्द पाहू. ‘बिगर-सरकारी संस्था’ ही संज्ञा जगभर रूढ झाली ती १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेमुळे. सनदेच्या ७१ व्या कलमाने आर्थिक व सामाजिक परिषदेला अशा संस्थांशी विचारविनिमय करण्याची मुभा दिली. संस्था काय नाही, एवढेच हे नाव सांगते. आपला ‘स्वयंसेवी संस्था’ हा शब्द ती काय आहे ते सांगतो : स्वेच्छेने एकत्र आलेल्या माणसांचे सार्वजनिक काम.

३/
शब्द १९४५ नंतर रुळला, तरी वस्तू जुनी आहे. भारतात तिला कायदेशीर रूप दिले १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाने. किमान ७ व्यक्तींनी विधानपत्रावर सह्या करून साहित्यिक, शास्त्रीय वा धर्मादाय हेतूने संस्था स्थापावी, अशी ही सोय. आजही असंख्य संस्थांची नोंदणी याच कायद्याखाली होते.

४/
याच कायद्याचे १४ वे कलम मला सर्वांत बोलके वाटते. संस्था विसर्जित झाली, देणी फिटली आणि मालमत्ता उरली, तर ती सभासदांनी वाटून घ्यायची नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. अर्थात सभासद संस्था चालवतात, पण तिचे मालक नसतात. सहकारी संस्था आपल्या सभासदांना लाभांश देऊ शकते. राजकीय पक्ष सत्ता मिळवू पाहतो. स्वयंसेवी संस्थेला या दोन्ही वाटा नाहीत.

५/
पण येथेच एक अडचण उभी राहते. नगरसेवकाला मते मिळालेली असतात, दुकानदाराचे भांडवल त्याचे स्वतःचे असते. ज्या संस्थेकडे मतेही नाहीत आणि मालकीही नाही, तिने लोकांच्या वतीने बोलावे तरी कोणत्या अधिकाराने? ‘तुम्हाला कोणी निवडून दिले?’ हा प्रश्न आजही स्वयंसेवी संस्थांना विचारला जातो. इतिहासात त्याची निरनिराळी उत्तरे सापडतात.

६/
पहिले उत्तर पुण्याचे. २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच ‘सार्वजनिक काका’, तिचे प्रमुख कार्यकर्ते. सभासद व्हायचे तर किमान ५० प्रौढ व्यक्तींनी सही केलेले मुखत्यारपत्र आणावे लागे. देशात निवडणुका रुजण्यापूर्वीच या मंडळींनी प्रतिनिधित्वाची आपली रीत शोधून काढली होती. १८७६–७८ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली, ती या बळावर.

७/
आता नागपूर. १९२० च्या डिसेंबरात येथे काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि असहकाराचा ठराव कायम झाला. पुढच्याच वर्षी माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा अमलात आल्या. आरोग्य हे खाते प्रांतांतील भारतीय मंत्र्यांकडे आले, पण तिजोरीच्या किल्ल्या गव्हर्नरच्या बाजूलाच राहिल्या. सामान्य घरातील बाळंतिणीपर्यंत सरकार लवकर पोहोचेल, अशी ही व्यवस्था नव्हती.

८/
त्याच १९२१ साली कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साथीने नागपुरात मातृ सेवा संघ सुरू केला. कमलाताईंना कोवळ्या वयात वैधव्य आले होते. त्या काळी विधवेला शुभकार्यात स्थान नसे. अशा स्त्रीने परिचारिकेचे शिक्षण घ्यावे आणि घराघरांतील जन्माची जबाबदारी पत्करावी, यातील धैर्य आज चटकन लक्षात येत नाही.

९/
तुलनेसाठी लेडी डफरिन निधी पाहा. १८८५ साली स्थापन झालेला हा निधीही कागदोपत्री सरकारी नव्हता. मात्र त्यामागे व्हाइसरॉयच्या पत्नीचे नाव होते आणि संस्थानिक व अधिकारी यांचा आश्रय होता. त्याने स्त्रियांसाठी रुग्णालये उभी केली, हे मोलाचेच. पण सत्तेच्या सावलीत वाढलेली संस्था आणि दोन स्त्रियांनी विश्वासाच्या बळावर उभारलेली संस्था, या दोहोंना ‘बिगर-सरकारी’ हा एकच शब्द लावला की फरक पुसला जातो.

१०/
मातृ सेवा संघाचे उत्तर सेवेचे होते. स्त्रिया तिथे येत राहिल्या, हीच त्याची मते. पुढे संघाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्थाही नागपुरात चालवली. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८१ मध्ये त्या निवर्तल्या; संस्था उरली. संस्थापकानंतरही काम चालू राहणे, ही संस्थेच्या ‘संस्था’पणाची खूण.

११/
तिसरे उत्तर पुराव्याचे. नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. ३९ गावांतील या प्रयोगाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली.

१२/
यातच संस्थेची मर्यादाही दिसते. ३९ गावांत प्रयोग करणे संस्थेला जमते. देशातील प्रत्येक खेड्यात पोहोचणे तिच्या आवाक्यात नाही. कर गोळा करण्याचा अधिकार आणि सर्वांपर्यंत जाण्याचे बंधन सरकारवरच असते. म्हणून संस्थेने वाट दाखवावी, प्रसंगी जाब विचारावा. सरकारला आपली जबाबदारी तिच्यावर ढकलता येत नाही.

१३/
कागदावरच जगणाऱ्या, अनुदानापुरत्या संस्थाही असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यासाठीच धर्मादाय आयुक्तांची नोंदणी, वार्षिक हिशेबतपासणी आणि परदेशी देणग्यांसाठी १९७६ चा व नंतर २०१० चा कायदा आला. हिशेब मागणे रास्तच. मात्र नियंत्रण इतके वाढले की सरकारला न आवडणारे बोलताच येऊ नये, तर ‘बिगर-सरकारी’ या शब्दात अर्थ उरत नाही. सार्वजनिक सभेचे दुष्काळी अहवाल सरकारला आवडावेत म्हणून लिहिलेले नव्हते.

१४/
एखाद्या संस्थेत काम करण्याचे किंवा देणगी देण्याचे मनात असेल, तर चार प्रश्न विचारा. ती कोणाच्या वतीने बोलते? पैसा कोठून येतो आणि हिशेब कोणाला दिसतो? संस्थापक नसतील तेव्हा ती चालेल का? आणि ती सरकारला ‘नाही’ म्हणू शकते का? नागपूरकरांनी पुढच्या वेळी सीताबर्डीतून जाताना मातृ सेवा संघाच्या पाटीपाशी क्षणभर थांबावे. शंभर वर्षांपूर्वी हेच प्रश्न दोन स्त्रियांपुढेही होते.

धाग्यात तथ्याची चूक आढळल्यास अवश्य कळवा; दुरुस्ती करीन. 🙏