नांदगाव तालुका आणि प्रौढ साक्षरतेचा आटता निधी

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मुंबई–भुसावळ लोहमार्गावर असलेला नांदगाव तालुका हा जिल्ह्याच्या समृद्ध प्रतिमेत सहजी न बसणारा प्रदेश आहे. याच तालुक्यातील मनमाडला रेल्वेचा कारखाना आहे आणि पांझणजवळ १९६९ मध्ये पूर्ण झालेले गिरणा धरणही आहे; परंतु धरणाचे पाणी मुख्यतः खाली जळगाव जिल्ह्याकडे जाते आणि तालुक्याचा मोठा भाग पावसाच्या भरवशावर राहतो. त्यामुळे खरीप आटोपला की तांड्यांवरील व वाड्या-वस्त्यांवरील अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात, आणि हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेला ‘उचल’. उचलीची नोंद मुकादमाच्या वहीत असते. किती टन ऊस तोडला आणि किती रक्कम फिटली हेही त्याच वहीत लिहिले जाते. ही वही ज्याला वाचता येत नाही, त्याला हंगामाअखेर सांगितला जाईल तो हिशेब मान्य करावा लागतो. प्रौढ साक्षरतेच्या सरकारी कार्यक्रमांचे मोल अशा तालुक्यात या वहीवरूनच ठरवावे लागेल.

प्रौढांना शिकवण्याची कल्पना महाराष्ट्रात सरकारच्या आधीची आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी व मजूर स्त्री-पुरुषांसाठी १८५५ मध्ये पुण्यात रात्रशाळा काढली होती. मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांच्या १९३७ च्या मंत्रिमंडळाने हे काम प्रथमच सरकारी धोरणाच्या कक्षेत आणले. पण ग्रामीण महाराष्ट्राच्या स्मरणात राहिली ती ग्रामशिक्षण मोहीम. १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू होऊन १९६१ पासून राज्यभर पसरलेल्या या मोहिमेत प्राथमिक शिक्षक आणि गावातील शिकलेली मंडळी विनामूल्य शिकवत असत. काही महिन्यांत गाव साक्षर झाल्याचे जाहीर केले जाई आणि ग्रामगौरव समारंभ होई. खर्च जवळजवळ नाही, हेच या मोहिमेचे भूषण मानले गेले. वस्तुतः तिचे वैगुण्यही तिथेच होते: समारंभानंतर नवसाक्षराने वाचायचे काय, आणि ते त्याच्यापर्यंत पोहोचवायचे कोणी, यासाठी पुरेशी तरतूद नव्हती, आणि अक्षर गिरवलेला हात पुन्हा अंगठ्याकडे वळू लागला.

पुढचा टप्पा याच्या उलट, पैशासह आला. २ ऑक्टोबर १९७८ रोजी जनता सरकारने सुरू केलेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाने १५ ते ३५ वयोगटातील १० कोटी लोकांना पाच वर्षांत साक्षर करण्याचे ठरवले. सुमारे ३० जणांचे केंद्र, १० महिन्यांचा अभ्यासक्रम, शिकवणाऱ्याला महिन्याला ५० रुपये मानधन, आणि साहित्यात पाट्या, तक्ते, कंदील व रॉकेल, असा त्याचा संसार होता. १९८० मध्ये केंद्रात सत्ताबदल झाला आणि कार्यक्रमाचा वेग मंदावला. राजकीय जन्म असलेल्या योजनेचे आयुष्यही राजकीयच ठरते, हे तेव्हापासून दिसू लागले.

१९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने काम तीन टप्प्यांत विभागले: संपूर्ण साक्षरता अभियान, साक्षरोत्तर कार्यक्रम आणि निरंतर शिक्षण. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा साक्षरता समितीकडे निधी येई. तिसरा टप्पा म्हणजे गावातील वाचनालय-वजा केंद्र आणि ते चालवणारा ‘प्रेरक’. ग्रामशिक्षण मोहिमेत जे नव्हते ते नेमके इथे होते. मात्र पहिली तीन वर्षे केंद्राचा पूर्ण निधी, पुढील दोन वर्षे निम्मा-निम्मा आणि नंतर राज्याची जबाबदारी, असा खर्चाचा उतरता क्रम मुळातच आखलेला होता, म्हणजे कपात योजनेच्या पोटातच होती. ही योजना ३० सप्टेंबर २००९ रोजी गुंडाळण्यात आली.

तिच्या जागी आलेल्या ‘साक्षर भारत’ योजनेने नांदगावसारख्या तालुक्यांवर अधिक मोठा अन्याय केला, आणि तोही कोणाचे नाव न घेता. २००१ च्या जनगणनेनुसार ज्या जिल्ह्यांत प्रौढ स्त्रियांची साक्षरता ५० टक्के किंवा त्याहून कमी होती, ते जिल्हे आणि नक्षलग्रस्त जिल्हे एवढेच तिच्या कक्षेत होते. नाशिक जिल्ह्याची सरासरी या रेषेच्या वर होती. नाशिक शहर आणि निफाडची द्राक्षबागायत जी सरासरी वर नेते, तीच तांड्यावरच्या निरक्षर बाईच्या वाट्याचा निधी नाकारण्यास पुरेशी ठरली. निकष तालुका धरून लावला असता, तर चित्र निराळे दिसले असते. निवडलेल्या जिल्ह्यांत ग्रामपंचायतीमागे दोन प्रेरक आणि प्रत्येकी दरमहा २००० रुपये मानधन होते. ३१ मार्च २०१८ रोजी तेही संपले.

असे केवळ भारतातच घडले नाही. अमेरिकेत आई-वडिलांची साक्षरता आणि लहान मुलांचे शिक्षण एकत्र जोडणारा ‘ईव्हन स्टार्ट’ हा कौटुंबिक साक्षरतेचा केंद्रीय कार्यक्रम दोन दशके चालल्यावर २०११ मध्ये निधीअभावी थांबला.

सध्याचा ‘उल्लास’ अर्थात नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. त्याची एकूण तरतूद १,०३७.९० कोटी रुपये, त्यांत केंद्राचे ७०० कोटी, आणि उद्दिष्ट ५ कोटी प्रौढांचे. भागाकार केला तर माणशी सुमारे २०८ रुपये पडतात. मानधन नाही; शिकवणारे स्वयंसेवक, म्हणजे विद्यार्थी, शिक्षक किंवा घरातलाच एखादा शिकलेला माणूस. सून सासूला शिकवते ही कल्पना गोड असली, तरी सुनेच्या वेळेचा हिशेब तीत कुठेच धरलेला नाही. महाराष्ट्रातील शिक्षक संघटनांनी २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला तो अशैक्षणिक कामाच्या ओझ्यामुळे. ग्रामशिक्षण मोहिमेत याच वर्गाने हे काम फुकट केले होते, याची आठवण तेव्हा फारशी कोणी काढली नाही.

या कार्यक्रमाची वाचन, लेखन व संख्याज्ञान अशी १५० गुणांची चाचणी राज्यात १७ मार्च २०२४ रोजी झाली आणि पुढच्या वर्षीही मार्चमध्येच. मार्चमध्ये साखर कारखान्यांचे गाळप अनेक ठिकाणी चालू असते, आणि तोडीच्या टोळ्या तेव्हा फडात असतात.