कालव्यातून शिरलेला लॅम्प्रे



कीड म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं अळी नाहीतर मावा येतो. आज कीड ठरलेल्या एका माशाचा इतिहास सांगतो.

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर गोड्या पाण्याची पाच अवाढव्य सरोवरं आहेत. सगळ्यात खालचं ऑन्टारिओ. त्याच्या वर इरी, ह्युरॉन, मिशिगन आणि सुपिरियर. ऑन्टारिओ आणि इरीच्या मधे नायगारा धबधबा, सुमारे ५० मीटर उंच. वरच्या चार सरोवरांचं हे आयतं कुंपणच होतं.

जहाजं वर नेता यावीत म्हणून १८२९ मध्ये धबधब्याला वळसा घालून वेलंड कालवा काढला. पुढं तो वाढवत नेला. १९२१ मध्ये इरी सरोवरात समुद्री लॅम्प्रे सापडला. १९३६ ला मिशिगन, १९३७ ला ह्युरॉन, १९३८ ला सुपिरियर. सतरा वर्षांत चारही सरोवरं त्यानं धरली.

हा मासा वामसारखा लांबट. जबडा नाही, गोल तोंडात दातच दात. जळूसारखा दुसऱ्या माशाला चिकटतो, खरवडून रक्त पितो. एक लॅम्प्रे आपल्या आयुष्यात १८ किलोपर्यंत मासे मारतो. तिथल्या कोळ्यांचं पोट लेक ट्राऊट या माशावर होतं. मासेमारी आधीच जास्त होत होती, त्यात हा आला. वर्षाला सुमारे ६८ लाख किलो निघणारा ट्राऊट १९६० च्या सुमारास दीड लाख किलोच्या आसपास आला. गावंच्या गावं धंद्यातून उठली.

आता उपाय कसा सापडला ते नीट बघा. एवढ्या मोठ्या पाण्यात लॅम्प्रे शोधणार कुठं? पण अंडी घालायला तो ओढ्या-नद्यांत येतो, आणि पिल्लं तिथल्या गाळात बरीच वर्षं राहतात. म्हणजे कीड एका जागी गोळा झालेली असते. मिशिगनमधल्या हॅमंड बे इथं शास्त्रज्ञांनी जवळजवळ ६,००० रसायनं तपासली आणि टीएफएम हे औषध निवडलं. ठरल्या मात्रेत ते पिल्लं मारतं, बाकीचे मासे बहुतेक वाचतात. १९५८ पासून ते ओढ्यांत सोडू लागले. जोडीला बंधारे आणि सापळे. लॅम्प्रे जवळपास ९० टक्के घटला. सुपिरियरमध्ये ट्राऊट पुन्हा आपोआप वाढला.

पण कीड संपली नाही. कोरोनात दोन वर्षं औषध कमी पडलं, तर लॅम्प्रे लगेच वाढला. कालवा एकदा खोदला, राखण मात्र आजही चालू आहे आणि खर्चही.

आपली हुमणी आठवा. भुंगेरे पहिल्या पावसानंतर कडुलिंब-बाभळीवर जमतात, तेव्हाच गोळा करायचे. जमिनीत पसरल्यावर हात पोचत नाही. कोणतीही कीड असो, ती कुठं आणि कधी एकत्र येते हे आधी शोधा. आणि बाहेरचं रोप, बियाणं, माती शेतात आणताना दोनदा बघा. आत आलेलं परत जात नाही.