जीपीएस दिशादर्शक (हातात धरण्याचा)

उपग्रहांच्या संदेशांवरून धारकाचे स्थान अक्षांश-रेखांशांत दाखवणारे, खिशात मावणारे यंत्र. प्रणाली मूळची अमेरिकी लष्कराची. नागरी संदेशांतील मुद्दाम ठेवलेली अचूकतेची घट मे २००० मध्ये थांबली, तेव्हा सुमारे १०० मीटरची चूक १०–२० मीटरवर आली आणि वाहनचालक व भटक्यांना यंत्र खरे उपयोगी पडू लागले. स्थाननिश्चितीस किमान चार उपग्रह लागतात (पहा : नाविक). नागपूरच्या महालात, बडकस चौक परिसरातल्या अरुंद बोळांत, भिंतींवरून परतणाऱ्या लहरींमुळे पडद्यावरचा बिंदू शेजारच्या गल्लीत सरकू शकतो. तिथे पानठेल्यावर विचारलेले बरे. पेंच-ताडोबाच्या जंगलात मोबाइलला रेंज नसतानाही ते चालते. गस्तीचा मार्ग त्यात नोंदवता येतो (पहा : व्याघ्रगणना).