शाल, श्रीफळ आणि दाराची कडी

आजचा भाग पुण्याच्या फ्लॅटमधून नाही, अलोऱ्याहून रेकॉर्ड करतोय. चिपळूण तालुक्यातलं हे गाव, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. माझी मावशी इथे राहते. बाहेर पाऊस आहे, मागे पत्र्याचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या.

मावशी सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. तब्बल ३६ वर्षं. अधिपरिचारिका म्हणून लागली, मग परिसेविका झाली, आणि शेवटी अधिसेविका, म्हणजे आपण ज्यांना मेट्रन म्हणतो त्या पदावरून निवृत्त झाली. निरोप समारंभाचा व्हिडिओ मीच मोबाइलवर काढला होता. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, चार भाषणं. चारही भाषणांत 'सेवाभाव' आणि 'आईची माया'. काल तो परत बघताना मी विचारलं, "मावशी, यातलं तुला सगळ्यात काय आवडलं?"

ती म्हणाली, "नारळ चांगला निघाला रे. पण ड्युटी रूमच्या दाराला आतून कडी बसवा म्हणून मी किती वर्षं अर्ज करत होते, ते एकाने तरी बोलायचं."

म्हणून आजचा प्रश्न हा. परिचारिकेचा सन्मान म्हणजे नेमकं काय?

सुरुवात पुण्यापासून करू. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. त्या काळात विधवा बाईला घरात जागा होती ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. सेवासदनने अशा बायकांना शिकवायला घेतलं, आणि त्यातल्या काहींना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळवून दिलं. विचार करा, परक्या माणसांचं अंग पुसायचं, जातपात न बघता, रात्री घराबाहेर राहून. लोकांच्या कपाळाला आठ्या पडल्या नसत्या तरच नवल.

सेवासदनच्या एका बक्षीस समारंभाची गोष्ट सांगतात. एक विधवा विद्यार्थिनी डोक्यावर पदर घेऊन बक्षीस घ्यायला मंचावर आली, आणि सज्जात बसलेल्या कॉलेजच्या पोरांनी तिची हुर्यो उडवली. रमाबाईंनी समारोपात त्या पोरांना चांगलंच धारेवर धरलं. तुम्ही शिकलेले कसे, तुमच्याही घरात कोणी बहीण, कोणी आई विधवा असेलच ना, असा त्यांचा रोख होता. सभागृह गप्प झालं. त्यानंतर सेवासदनकडे येणाऱ्या मुली वाढल्या आणि नर्सिंग शिकणाऱ्यांसाठी वेगळं वसतिगृह काढावं लागलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मंचावर बक्षीस दिलं म्हणजे सन्मान झाला असं नाही. रमाबाईंनी मुलींना राहायला जागा दिली, शिक्षण दिलं, आणि कोणी हसलं तर भर सभेत त्यांची बाजू घेतली. बक्षीस त्या मानाने सोपं होतं.

आता साठ-पासष्ट वर्षं पुढे येऊ. मुंबई, परळ, केईएम रुग्णालय.

अरुणा शानबाग मूळची उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची. केईएममध्ये परिचारिका, वय २५. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी ड्युटी संपवून ती कपडे बदलायला रुग्णालयाच्या तळघरात गेली. तिथे एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला आणि साखळीने गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. ती वाचली, पण पुन्हा कधीच पूर्वीसारखी झाली नाही. आरोपीला शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नासाठी, सात वर्षं. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा लागलाच नाही.

केईएमच्या परिचारिकांनी संप केला. मागण्या दोनच होत्या, अरुणाची नीट काळजी घ्या आणि आम्हाला सुरक्षित काम करू द्या. पुढे ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला दुसरीकडे हलवून खाट रिकामी करायचा प्रयत्न केला, तेव्हाही परिचारिकाच आडव्या आल्या. अरुणा वॉर्ड क्रमांक ४ शेजारच्या खोलीतच राहिली. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने ती गेली, तोपर्यंत.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून गणित मांडलं. साडेएकेचाळीस वर्षं म्हणजे साधारण १५ हजार दिवस. दिवसाला तीन पाळ्या धरल्या तर ४५ हजार पाळ्या. आमच्याकडे एखादा सीनियर नोकरी सोडून गेला की सहा महिन्यांत त्याच्या कोडमधलं कोणाला काही कळत नाही. इथे ज्यांनी अरुणाला पहिल्या दिवशी सांभाळलं त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या हाताखाली शिकलेल्याही निवृत्त होत आल्या, आणि तरी काम तुटलं नाही. नवीन विद्यार्थिनी आल्या की त्यांना अरुणाची ओळख करून दिली जायची, ही आपल्यातलीच एक आहे म्हणून.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अंगावर जखमा होतात, त्यांना बेडसोअर म्हणतात. त्या टाळायच्या तर दर दोन तासांनी कूस बदलायची, अंग कोरडं ठेवायचं, चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही. इतक्या वर्षांत अरुणाला अशी जखम होऊ दिली नाही, याचं कौतुक न्यायालयापर्यंत गेलं.

न्यायालय कसं आलं मध्ये? पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की तिला या अवस्थेतून मुक्त करा. तो अर्ज दुष्टपणाचा नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. असं जगणं हा सन्मान आहे का, हा प्रश्न खराच होता. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने अर्ज फेटाळला, पण काही अटींवर उपचार थांबवण्याचा मार्ग देशात पहिल्यांदा उघडला. २०१८ च्या घटनापीठाच्या निकालाने तो आणखी रुंद केला.

त्या २०११ च्या निकालात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क कोणाचा, यावर न्यायालय म्हणालं, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. ज्यांनी रोज तिला भरवलं, धुतलं, त्यांचा. आणि निकालात त्यांचं कौतुक करताना निवृत्त झालेल्यांनाही धरलं. एका परिचारिकेने तर निवृत्तीनंतरही बिनपगारी येऊन तिची सेवा करायची तयारी दाखवली होती.

माझ्या मते सन्मान तो हा. शाल पांघरणं नाही, तर पेशंटबद्दल सिस्टर काय म्हणते ते ऐकणं, त्याला वजन देणं.

पण अरुणाच्या गोष्टीतली पहिली ओळ विसरू नका. ती तळघरात गेली कारण तिला कपडे बदलायचे होते. नुसत्या मायेच्या गोष्टी सांगितल्या की तळघर बाजूला पडतं. ४२ वर्षांच्या सेवेचं आपण कौतुक करतो, आणि एका सुरक्षित खोलीने ती सेवा करायची वेळच कदाचित आली नसती, हे बोलत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरचा खून झाला, तेव्हा देशभर परत तोच प्रश्न विचारला गेला.

हे सगळं मी मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चादरीची सुरकुती लिहिलीस ते बरं केलंस. माझ्या पोरींना मी तेच सांगायचे." पोरी म्हणजे तिच्या हाताखालच्या परिचारिका. तेवढ्यात तिचा फोन वाजला. त्यांच्यातलीच एक होती, आता स्वतः परिसेविका झालेली. मावशीने पहिलं काय विचारावं? "कडी बसवली का गं?"

बसवली म्हणे. गेल्या महिन्यात.

तुमच्या घरात, शेजारी कोणी सिस्टर असतील तर त्यांना एवढंच विचारा, रात्रपाळीला कपडे कुठे बदलायच्या, दाराला कडी होती का. उत्तर व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू.